ड्रायव्हरच्या मागची जागा

मुकुंदवाडीत जयंतीच्या निळ्या पताका बांधायला शिडी लागत नाही, कडुबा लागतो. सहा फूट पाच इंचांचा हा माणूस हात वर करून गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेला, की दोरी बांधून झालेली असते. लग्नाच्या फोटोत तो कायम शेवटच्या रांगेत, तेही जरा वाकून. त्याची बायको रत्नमाला म्हणते, घरात स्टूल घ्यायची वेळ कधी आली नाही, पण चादर मात्र आजवर एकही पुरली नाही. उंचीचा उपयोग सगळ्या गल्लीला आणि ती सांभाळायची एकट्या कडुबानं, असा तो मामला.

अशा माणसानं पोटासाठी काम कोणतं निवडावं? ड्रायव्हरचं. घोंगडीएवढ्या देहानं रुमालाएवढ्या जागेत दिवस काढायचे ठरवलं म्हणा ना. अंथरूण पाहून पाय पसरावेत, असं म्हणायला काय जातं. ज्याचे पाय कुठल्याच अंथरुणात मावत नाहीत त्यानं काय करायचं, हे ती म्हण करणाऱ्याला कुणी विचारलेलं दिसत नाही.

गेली बावीस वर्षं कडुबा राजेंद्रभाऊंकडे गाडी चालवतो. राजेंद्रभाऊ मूळचे सिल्लोडचे. तिकडे त्यांची कापसाची जिनिंग मिल आहे, मक्याची खरेदी आहे, गावाबाहेर शेत आहे. राहायला मात्र शहरात, सिडकोत बंगला. घरात त्यांची आई, आवडाबाई. वय ऐंशीच्या घरात आणि उंची कडुबाच्या कोपराला लागेल एवढी. कडुबा त्यांना मोठ्याबाई म्हणतो. दर सोमवारी मोठ्याबाई सिल्लोडच्या शेतावर जातात; गेल्या नाहीत तर कापसाला बोंड धरणार नाही, अशी त्यांची पक्की समजूत आहे. बंगल्याच्या पोर्चला डाव्या अंगानं भिंत असल्यामुळे गाडीची उजवीकडचीच दारं धड उघडतात. त्यामुळे मोठ्याबाई उजव्या दारानं चढतात आणि चढल्या तिथंच बसतात. म्हणजे बरोबर ड्रायव्हरच्या मागे.

आणि मोठ्याबाई मागे बसतात म्हणून कडुबाची सीट पुढे. नोकरीच्या पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या होत्या, "सीट जरा पुढं घे बाबा, पाय आखडतोय माझा." त्यानं घेतली. त्यानंतर भाऊंनी तीन गाड्या बदलल्या. प्रत्येक नव्या गाडीत कडुबानं आधी सीट पुढे ओढली आणि मगच चावी फिरवली. पोट स्टिअरिंगला टेकलेलं, गुडघे स्टिअरिंगच्या दोन बाजूंनी वर आलेले, मान छपराला अडून खाली झुकलेली. सिग्नलचा दिवा तर त्याला दिसतच नसे. मागच्यानं हॉर्न वाजवला, की हिरवा झाला असं समजायचं आणि निघायचं.

मागे वळून बघायची त्याला सवय नव्हती. बन्सी नावाच्या ज्या जुन्या ड्रायव्हरनं त्याला गाडी शिकवली, त्यानं पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "आरसा रस्त्यासाठी हाय. मागं बसलेली माणसं काय करतात, ते आपलं काम नाय." कडुबानं ते असं पाळलं, की आरशात त्याला मोठ्याबाईंचा फक्त डोक्यावरचा पदर दिसे. बाकी मागची सीट म्हणजे त्याच्या लेखी दुसरा तालुका.

ड्रायव्हरचं निम्मं आयुष्य गाडी चालवण्यात जातं आणि निम्मं वाट बघण्यात. मालक लग्नात, मालक दवाखान्यात, मालक मीटिंगमध्ये. बाकीचे ड्रायव्हर गाडीत सीट पाडून झोप काढत. कडुबाला ते नशीब नव्हतं. तो गाडीबाहेर फिरायचा आणि इतरांच्या गाड्या वितीनं मोजायचा. त्याची वीतही तशीच, साध्या माणसाच्या दीडपट. स्टिअरिंगपासून सीटच्या पाठीपर्यंत किती, बैठकीपासून छपरापर्यंत किती, पॅडलपासून गुडघ्यापर्यंत किती. मंगल कार्यालयाच्या आवारात कुणाची नवीकोरी भारी गाडी आली, की ड्रायव्हर मंडळी त्यालाच हाक मारत.

"कडुबा उस्ताद, इसमें कितना बैठता?"

कडुबा दार उघडून आत हात घालायचा, डोळे मिटायचा आणि निकाल द्यायचा. "दिसाया डोंगर हाय, पर आत बिळ. छताला काच बसवली ना, तिनं दोन बोटं खाल्ली." दुसरीचं, "ही खाली बसती, पाय लांब जातात, पर डोकं बाहेर ठिवावं लागल." विजेवर चालणारी आली तेव्हा त्यानं तिच्या तळाला हात लावून पाहिला. "बॅटरी खाली हाय, म्हून फरशी वर आली. गुडघं तोंडाला लागतील." लाखो रुपयांच्या गाड्यांना तो असा दोन वाक्यांत नापास करायचा. ड्रायव्हर हसायचे, पण ऐकायचे. गाडी घेताना मालक लोक मागच्या सीटवर बसून बघतात. पुढे बसणाऱ्याचं माप घेणारा माणूस शहरात हा एकटाच होता.

मोजून झालं, की कडुबा कुठल्यातरी सावलीला कठड्यावर बसे, पाय लांब सोडी आणि त्याचे डोळे अर्धवट मिटत. मग त्याची गाडी निघे. ही गाडी कुठल्याही कारखान्यात झालेली नव्हती. हिच्यात सीटपुढे इतकी जागा असायची, की त्याचे पाय पुढे पुढे जात राहायचे, आणि ते कुठं थांबतात हे बघायला त्याला मान वर करावी लागायची. डोकं मुकुंदवाडीत असे आणि टाचा फुलंब्रीला पोचलेल्या. छप्पर इतकं उंच, की त्याच्याखालून वारा वाहायचा. शेजारी रत्नमाला दोन्ही पाय पोटाशी घेऊन ज्वारीच्या रानाकडे बघत बसलेली. गाडी कधी हर्सूलच्या तलावाकाठी यायची आणि काठावर न थांबता सरळ पाण्यावरून जायची, आवाज न करता. मागे फक्त एक रेघ उमटायची. कडुबा एका बोटानं स्टिअरिंग धरून सरळ, अगदी सरळ बसलेला असायचा, आणि त्याला वाटायचं की आपण खरे किती उंच आहोत हे आज कळलं.

मग मालकांचा फोन वाजायचा. कडुबा उठायचा आणि घडी घालून पुन्हा गाडीत बसायचा.

अशी बावीस वर्षं घडी घातली तर कापडसुद्धा दुमडीवर फाटतं. गेल्या दिवाळीनंतर कडुबाचा उजवा पाय मांडीपासून बधिर व्हायला लागला. आधी तासाभरानं, मग अर्ध्या तासानं. एक दिवस सिडकोच्या चौकात पाय ब्रेकवर होता, पण आहे की नाही हे त्याला कळलं नाही. गाडी पुढच्या रिक्षाला हलकीच टेकली. कुणाला काही लागलं नाही, रिक्षावाला थोडं ओरडला आणि गेला. पण मागच्या सीटवर राजेंद्रभाऊ होते.

डॉक्टर म्हणाले, कमरेतली नस दबते आहे. पाय लांब करून, पाठ सरळ ठेवून बसता आलं तर सुधारेल, नाहीतर गाडी सोडा. राजेंद्रभाऊ माणूस वाईट नाही. त्यांनी कडुबाला बोलावून नीट समजावलं. "कडुबा, आईला तुझ्या भरवशावर पाठवतो मी. नवीन गाडी येतेय, आटोमॅटिक आहे, मोठी आहे. पहिल्या सोमवारी आईला घेऊन सिल्लोडला जाऊन ये. पाय बधिर झाला नाही, तर गाडी तुझीच. झाला, तर जिनिंगच्या गेटवर ये. खुर्चीवर बसून काम. पगार तोच."

कडुबानं मान हलवली. घरी आल्यावर मात्र तो ताट सारून उंबऱ्यात जाऊन बसला. रत्नमाला म्हणाली, "गेटवर काय वाईट हाय? सावली हाय, खुर्ची हाय." ते खरंच होतं. पण गेट जागचं हलत नाही. मुकुंदवाडीच्या रेल्वे फाटकाशी उभं राहून जाणाऱ्या गाड्या बघत वाढलेला पोरगा होता तो. पायाखालून रस्ता सरकतोय, हे ज्याला रोज लागतं, त्यानं एका जागी बसून दुसऱ्यांच्या गाड्यांचे नंबर लिहायचे? त्याला भीती वाटली. पाय जायची नाही, रस्ता जायची.

नवी गाडी आणायला त्यालाच पाठवलं. जालना रोडच्या शोरूममध्ये तनुजा नावाच्या मुलीनं त्याला सगळं समजावून दिलं. मुलगी हुशार आणि बोलायला गोड. ती म्हणाली, "काका, ही सीट बटणावर चालते. तुम्ही एकदा कसं बसायचं ते ठरवलं, की गाडी लक्षात ठेवते. एक नंबर साहेबांचा, दोन नंबर तुमचा. आता सीट पूर्ण मागे घ्या बरं."

सीट गुणगुणत मागे गेली. जात राहिली. कडुबानं पाय पुढे केले आणि ते गेले. पुढे पॅडल होतं, पण गुडघ्याला काही लागलं नाही. त्यानं पाठ टेकली. मान वर केली. छप्पर डोक्यापासून चार बोटं लांब होतं. समोरच्या काचेतून त्याला रस्ता दिसला, रस्त्यावरचं आभाळ दिसलं, आणि चौकातला सिग्नलचा दिवासुद्धा दिसला, लाल. तो बघत राहिला. दिवा हिरवा झाला आणि हॉर्नच्या आधी त्याला कळला. शोरूमच्या काचा, तनुजाचा आवाज, बाहेरची गर्दी सगळं लांब गेलं. त्याला वाटलं, आता पाणी लागेल.

"काका, सेव्ह करू का?"

कडुबा भानावर आला. त्यानं बटण दाबून सीट पुढे आणली, स्टिअरिंग पोटाला लागेपर्यंत. गुडघे पुन्हा वर आले.

"अहो, असं का?"

"मागं मोठ्याबाई बसतात, ताई," तो म्हणाला. "आता करा दोन नंबर."

गाडी इमानी. तिनं ती घडी जशीच्या तशी लक्षात ठेवली.

सोमवार उजाडला. थंडीचे दिवस, सकाळी नऊचं ऊन. सूनबाईंनी मोठ्याबाईंना मागे बसवून पट्टा लावून दिला. राजेंद्रभाऊ दारात उभे होते. त्यांनी कडुबाच्या पायाकडे बघितलं. कडुबानं दोन नंबर दाबला, सीटनं त्याला पुढे नेऊन स्टिअरिंगला टेकवलं आणि ते निघाले.

हर्सूल गेलं, सावंगी गेली. गाडी अशी चालत होती, की रस्ताच खालून कुणी ओढून घेतोय असं वाटावं. दुतर्फा वेचणीला आलेला कापूस, मधेच हरभऱ्याची हिरवी रानं. चौक्याचा घाट उतरला आणि पायात मुंग्या सुरू झाल्या. फुलंब्रीला पोचेपर्यंत मांडी गेली. कडुबानं डाव्या हातानं मांडीला चिमटे घेतले, वेग कमी केला, पुढच्या ट्रकला शंभर पावलं अंतर दिलं. ब्रेक दाबायचा झाला तर पाय डोळ्यांनी बघून दाबत होता. एवढ्या मोठ्या गाडीतसुद्धा माझ्या पायाला जागा नाही, मग आता ती कुठंच नाही, असं त्याच्या मनात आलं, आणि फुलंब्री ते सिल्लोड त्याला दुसरं काही सुचलं नाही.

मोठ्याबाई दिवसभर शेतात फिरल्या. कडुबा लिंबाखाली पाय सोडून बसला. रोजच्यासारखे डोळे अर्धवट मिटून बघितले, पण त्याची ती गाडी आली नाही. समोर फक्त एक गेट येत होतं, हिरव्या रंगाचं, बंद.

चार वाजता निघाले. गड्यानं मोठ्याबाईंना चढवलं, पट्टा अडकवला, ओटीत हरभऱ्याचे डहाळे दिले. फुलंब्रीच्या पुढे पाय पुन्हा जड झाला. चौक्याचा घाट चढताना अचानक गाडी टिंग टिंग वाजू लागली. समोरच्या पडद्यावर मागच्या सीटचं चित्र आलं आणि त्यात एक लाल ठिपका.

"मोठ्याबाई, पट्टा सुटला का?"

"सुटला न्हाय, मी काढला. गळ्याला कापतोय मेला."

"तुमी लावल्याबिगर ती गप बसायची नाय."

"मला न्हाय जमत. तूच लाव."

घाटमाथ्यावर रस्ता रुंद आहे. कडुबानं गाडी कडेला घेतली, आधी पाय हातानं उचलून बाहेर ठेवला, मग स्वतः उतरला आणि मागचं दार उघडलं. बावीस वर्षांत दार उघडायच्या आधी मोठ्याबाईंना आवाज द्यायचा तो पहिल्यांदाच विसरला.

मोठ्याबाई सीटवर मस्त मांडी घालून बसल्या होत्या. ओटीत डहाळे, हातात सोललेला हरभरा. चपला खाली शेजारी शेजारी काढून ठेवलेल्या. त्यांच्या गुडघ्यापासून कडुबाच्या सीटच्या पाठीपर्यंत सगळं मोकळं होतं. हात आपोआप पुढे झाला. त्यानं मोजलं. दोन विती. त्याच्या वितीनं दोन.

"मोठ्याबाई, तुमी आशा बसता?"

"मंग कशी बसू? माझं पाय खाली टेकतात व्हय? लोंबकळून मुंग्या येत्यात."

"आजच?"

"आज कामून? आदीपासनं. गाडी सुरू झाली का पाय वर. घर आलं का खाली."

कडुबाचा हात सीटच्या पाठीवरच राहिला. "पण तुमी म्हणल्या व्हत्या… पाय आखडतो. सीट पुढं घे."

"मी? कवा?"

"पहिल्या दिवशी. मी नवा लागलो तवा."

मोठ्याबाईंनी दाणा तोंडात टाकायचा थांबवला. आठवत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "आरं, तवा माझा पाय मोडला व्हता. न्हाणीत पडले व्हते न्हाय का? मांडीपासनं प्लास्टर व्हतं. पाय समूर ताणूनच ठिवावा लागायचा. संक्रांतीला निघालं की ते."

आणि मग कडुबाला ते प्लास्टर आठवलं. पांढरं, जड, कडेला पिवळं पडलेलं. त्यानंच तर ते दोन्ही हातांनी उचलून अलगद गाडीत ठेवलं होतं. प्लास्टर तो विसरला होता. हुकूम तेवढा लक्षात ठेवला होता.

"निघालं तवा मला कुणी सांगितलं नाय," तो म्हणाला. "मागं घे म्हणून."

"त्यात काय सांगायचं? तुला दिसतच व्हतं की." मोठ्याबाईंनी हातातला दाणा ओटीत टाकला. "खरं सांगू का, कडुबा? मला वाटायचं, तुला आमच्यापासनं जितकं लांब बसता यील तितकं बसायचंय. तुमी मानी लोकं. पाणी बी तू कधी आमच्या घरचं मागितलं नाय, आपली बाटली घिऊन येतोस. म्हणलं, आसंल त्याचं काही."

"आन् मला वाटायचं," कडुबा म्हणाला, "माझी सीट तुमाला लागली तर तुमाला चालायचं नाय."

दार उघडंच होतं. गाडी टिंग टिंग वाजत होती. कडुबा दोन पावलं मागे सरला आणि घाटाच्या कठड्यापाशी जाऊन उभा राहिला. त्याला राग आला होता. असा राग त्याला माहीत नव्हता, कारण तो कुणावर काढायचा हेच ठरत नव्हतं. म्हातारीवर? ती तर प्लास्टरच्या दीड महिन्यापुरतं बोलली होती. बन्सीवर? तो कधीच गेला. स्वतःवर काढावा तर पाय आधीच दुखत होता. खाली रानं पसरली होती, उतरत्या उन्हात पिवळी. त्याला हजारभर सोमवार दिसले, एकामागे एक याच घाटातून जाणारे, आणि प्रत्येकात मान घालून बसलेला एक लांब माणूस. सबंध शहरातल्या भारी गाड्यांमध्ये हात घालून जी जागा तो शोधत होता, ती त्याच्याच पाठीमागे होती. रिकामी. तिच्यावर कुणी बसलंही नव्हतं.

डोळे भरून आले ते त्यानं पुसले नाहीत. इथं बघायला होतं कोण?

होतं. मागून चपलांचा आवाज आला. मोठ्याबाई स्वतःच्या स्वतः उतरून, गाडीला धरत धरत आल्या होत्या. त्याच्या कोपराशी येऊन थांबल्या.

"चूक माझी हाय," त्या म्हणाल्या. "सांगितलं मी, तर मोडायचं बी मीच व्हतं. ध्यानात न्हाई आलं. ज्याचा पाय आखडतो त्याच्याच ध्यानात ऱ्हातं बघ." मग त्यांच्या आवाजाला नेहमीची धार आली. "आन् तू बी लई शाणा. बावीस वर्सं एक साबूत तोंड व्हतं तुला, ते काय निस्तं जेवायला व्हय?"

कडुबाला हसू आलं. रडताना येतं तसं, नाकातून.

"चल," मोठ्याबाई म्हणाल्या. "घे ती सीट मागं. मी मागं बसून बघते कुठवर येती."

त्यानं त्यांना बसवलं, पट्टा लावला, गळ्याला कापू नये म्हणून मध्ये त्यांचाच पदर दुमडून दिला. पुढे येऊन बटण दाबलं. सीट मागे निघाली. तो मधेच थांबला, तर मागून सीटच्या पाठीवर थाप पडली. "आजून. आजून जागा हाय. घे." सीट शेवटापर्यंत गेली. मागे एक वीत तरीही उरली, असं मोठ्याबाईंनी जाहीर केलं.

चौका ते हर्सूल हे अंतर फार नाही. पण कडुबा त्या दिवशी किती वेळ गाडी चालवत होता, हे त्याला अजूनही सांगता येत नाही. पहिल्यांदा तर सगळंच चुकल्यासारखं वाटलं. हात लांब, पाय लांब, रस्ता खाली. बावीस वर्षं वाकून बघितलेला रस्ता सरळ बसून बघितला, की अनोळखी होतो. मग हळूहळू ऊन पायावर उतरलं. मांडीत आधी आग झाली, मग ऊब आली, मग तळवा जागा झाला. बुटाच्या आत एकेक बोट परत आलं. ब्रेक त्याला पायाखाली कळू लागला, लोणी कळावं तसा मऊ. दोन्ही बाजूंनी झाडं येत होती आणि जात होती. मागे मोठ्याबाई हरभरा सोलत शेताचं काहीतरी बोलत होत्या, त्यातलं त्याला निम्मं ऐकू येत होतं. हर्सूलच्या तलावावर संध्याकाळचं पाणी पसरलं होतं. गाडी काठाकाठानं चालली होती, हे त्याला माहीत होतं. तरी एक क्षणभर त्यानं डावीकडे बघितलं नाही. रस्ता आहे की पाणी, हे त्याला ठरवायचं नव्हतं.

बंगल्याच्या फाटकाशी राजेंद्रभाऊ येरझाऱ्या घालत होते. कडुबा गाडी थांबवून उतरला. भाऊंनी आधी त्याच्या चालण्याकडे बघितलं.

"काय कडुबा, पाय?"

खोटं बोलायला सोपं होतं. पाय त्या वेळी ठणठणीत होता. पण मागे म्हातारं माणूस बसवून गाडी चालवायची, तर मालकाला खोटं सांगून कसं चालेल?

"जाताना बधिर झाला, भाऊ. फुलंब्रीपासनं. येताना घाटापर्यंत बी व्हता."

राजेंद्रभाऊंचा चेहरा पडला. त्यांना बरं वाटलं नव्हतं, हे दिसतच होतं. त्यांनी कडुबाच्या खांद्यावर हात ठेवला. त्यासाठी त्यांना हात बराच वर करावा लागला. "राहू दे. बस तू जरा. गाडी मी लावतो आत."

ते ड्रायव्हरच्या सीटवर बसले. पाय पॅडलला पोचेना. ते हसले आणि सीट पुढे घ्यायला खाली बटण चाचपू लागले.

"भाऊ, त्या सीटला हात लावू नका."

आवाज इतका मोठा निघाला, की कडुबा स्वतःच दचकला. राजेंद्रभाऊंचा हात जागच्या जागी थांबला. या माणसानं आजवर त्यांना नको असं म्हटलेलं नव्हतं.

"घाटापासनं इथवर मी पाय लांब करून आलो," कडुबा म्हणाला. "पाय जागा हाय माझा. बावीस वर्सं मी पुढं सरकून बसलो, कुणाला कामाचं नव्हतं तरी. मला आता एक महिना मागं सरकून बसू द्या. त्याच्यावर बी बधिर झाला, तर मी आपल्या पायानं गेटवर जातो. पर आज नाय. आज ही जागा माझी हाय."

राजेंद्रभाऊंना यातलं फारसं कळलं नाही. त्यांनी मागे वळून आईकडे बघितलं. मोठ्याबाई मांडी घालून निवांत बसल्या होत्या आणि त्यांचा उतरायचा काही विचार दिसत नव्हता.

"ऐक त्याचं," त्या म्हणाल्या. "मी हितंच बसते तवर."

राजेंद्रभाऊंनी हवेत लोंबणाऱ्या आपल्या पायांकडे बघितलं. मग खाली उतरले, आणि कडुबा आत बसेपर्यंत दार धरून उभे राहिले.